दोन घटका उशिरा

आमच्या बेटावर समुद्र कुठे जात नाही.
प्रवाळाच्या कुंपणाआत, दावणीच्या गाईसारखा
हातभर चढतो, हातभर उतरतो,
आणि कास्काव्हेलच्या उसाकडे पाहत बसतो.

म्हणून पहिल्या रविवारी, खारदांड्याला, मी घाबरले.
आदल्या दुपारी कठड्याला धडका देणारं पाणी
सकाळी साडेसहाला नव्हतंच.
नुसता काळा खडक, दूरवर, उघडा,
कुणी घाईत बिऱ्हाड हलवल्यासारखा.
चौकीदाराला विचारलं, समुद्र कुठे गेला?
तो म्हणाला, येईल की,
आणि दात घासत राहिला.

ऑफिसात सगळे म्हणतात, छान झालं, परत आलीस.
मी परत नाही आले. मी पहिल्यांदा आले.
गेले ते सखाराम, रत्नागिरीकडचे.
त्यांचं नाव गोऱ्या कारकुनाने आडनावाच्या रकान्यात टाकलं,
पाच पिढ्या आम्ही तोच सदरा घालतो.
नोंदणीच्या कचेरीत माझ्या कागदावर 'विदेशी' असा शिक्का आहे,
तो त्यातल्या त्यात खरा.

माझ्या मराठीत आरत्या आहेत, हळदीची गाणी आहेत,
शिव्या अर्ध्याच.
सुट्टे, डिपॉझिट, पागडी यांना नव्याने जागा करावी लागली.
पण ओहोटी हा शब्द होता माझ्याकडे,
वरच्या फळीवर,
कधी न घासलेल्या भांड्यासारखा.

हरणाबाई भेटली तिसऱ्या खेपेला.
उकिडवी बसून खडकावरची कालवं फोडत होती.
'पाय नको ठेवू तिथं, शेवाळ हाय.'
ठेवला. आपटले.
ती इतकी हसली की कोयती खाली ठेवावी लागली.
'कंची गो तू?'
मी सांगितलं. तिने मान हलवली, जणू मालाडच्या पुढचंच एखादं गाव.

मग शिकवलं: पुनवेला, अवसेला उधाण,
अष्टमीला भांग.
भांग, केसांतला?
पुन्हा हसली.
आमच्याकडे तिथी म्हणजे देवळाच्या कॅलेंडरवरचा उपवास.
हिच्याकडे तिथी म्हणजे पाणी किती वाजता.
'रोज दोन घटका उशिरा,' ती म्हणाली. 'चुकत नाय.'
मी घटकेचा हिशेब फोनवर केला. अठ्ठेचाळीस मिनिटं.
खरंच चुकत नाही.

तेव्हापासून जाते. सुट्टी नसली तरी जाते.
तिवरांच्या मुळांशी निवटी पाहिली:
मासा, पण चिखलात चालणारा,
डोळे डोक्यावर ठेवून
पाण्याबाहेर ऐटीत, पाण्यात जरा अवघडलेला.
एक बाहुलीचा हात पाहिला, त्यावर बारीक शंख चिकटलेले.
चपला तर किती, आणि सगळ्या डाव्याच.
गटाराचा वास येतो, ते आईला सांगत नाही.

आई फोनवर विचारते, काय काय पाहिलंस मुंबईत?
मी म्हणते, एक भोक.
बोटभर. पाणी साठलेलं. आत हिरवं फूल,
बोट लावलं तर मिटलं, आणि बोटाला धरून ठेवलं थोडा वेळ.
आई गप्प.
मग आमच्या दुसऱ्या भाषेत म्हणते,
फेर आतान्स्यों.
जपून.

पाणी परत येतं तेव्हा आवाज करत नाही.
आधी खळग्यांतून येतं, मागच्या बाजूने,
आपण पुढे बघत असतो.
'पानी आयला गो!' हरणाबाई ओरडते,
माझ्यासाठी, आणि कुत्र्यासाठीही, त्याच आवाजात.
आम्ही दोघं पळतो.

काल ऑफिसला पोचायला पावणेअकरा झाले.
साहेबांनी कारण विचारलं.
काय सांगणार? म्हटलं, चतुर्थी होती.
त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.
दुपारी कुणीतरी साबुदाण्याची खिचडी
माझ्या टेबलावर आणून ठेवली, वर खोबरं.
मी खाल्ली.
सकाळी खडकावर बसून, हरणाबाईच्या हातून,
लिंबू पिळून खाल्लेल्या कालवांचं
कुणाला बोलले नाही.