खळगा

सगळ्यात आधी वाकायचं.
गुडघे नाही म्हणतात, तरी.
गाल फळीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा
आणि उजेडाला काम करू द्यायचं.
जुलैतलं ऊन इथं उत्तरेकडून येतं, आडवं,
ड्युनेडिनच्या टेकडीवरून घसरत थेट दिवाणखान्यात.
त्याच्यापुढं कुठल्याच जमिनीला
खोटं बोलता येत नाही.

तामातीनं सकाळी गालिचा सोलून काढला.
त्याखाली तरट, तरटाखाली वर्तमानपत्रं,
मेंढ्यांचे भाव, कुणाच्यातरी लग्नाचा फोटो,
आणि मग मताई,
शंभर वर्षांचं लाकूड, काकवीच्या रंगाचं.
"मर्डॉक," तो म्हणाला,
"खिडकीशी कुणा गाढवानं मशीन चावू दिलंय बघ."

बघायची गरज नव्हती.
दोन तळव्यांएवढा तो खळगा
मी अठराव्या वर्षी पाडलेला.
लॅकी घसा फोडून सांगायचा:
आधी चाल, मग ड्रम टेकव.
आधी ड्रम उचल, मग थांब.
उभ्या माणसाच्या हातात तो जमीन खातो.
मी थांबलो.
बाहेर बर्फ पडायला लागलं होतं, एवढंच.
(पबमध्ये सांगताना मी तिथं एक मुलगी घालतो.)
बंदरात एक लाल बोट होती
आणि ती हळूहळू पांढरी होत होती.

लॅकीनं पाहिलं. बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी गालिचेवाले आले,
आणि बेचाळीस वर्षं गेली.

अयोनाबाई चहा घेऊन आल्या.
"तो खड्डा होय? राहू दे हवा तर.
सासऱ्यांची नजर गेली ना शेवटी,
तेव्हा गालिच्यातूनही तो त्यांच्या पायाला लागायचा.
तिथं आले की थांबायचे, हात पुढं करायचे,
आणि कडी नेमकी हातात."

मग मी सांगून टाकलं.
त्यांनी चहा ढवळला. पुन्हा ढवळला.
"तर मग," म्हणाल्या, "तेवढं बिलातून वजा करा."

तसाही तो निघणार नव्हता.
तो काढायचा तर अख्खी खोली खाली आणावी लागती,
आणि फळ्यांची जीभ आता इतकी पातळ
की हे शेवटचंच घासणं.
माझ्यानंतर इथं कुणी मशीन लावू नये.
म्हणून चाळीस नंबरचा कागद गाडीतच ठेवला.
खिळे खोल बसवले. साठ, ऐंशी, एकशेवीस,
लाकडाच्या रेघेबरोबर, कधी तिच्या आडवं नाही.
खिडकीचा कोपरा मात्र गुरुवारभर हातानं,
पात्यानं, केसाएवढ्या सालीसाली काढत.
बुजवला नाही. फक्त कडा मवाळ केल्या,
डोळ्याला कळू नये, पायाला कळावं इतपत.

तेलाचा पहिला हात पडला
आणि तामाती, जो जेवतानाही बोलतो,
तो गप्प झाला.
राखट फळी भिजते, आणि आतून
एकेक वर्ष वर येऊन बसतं.
"बघत काय राहिलास, चिंध्या पाण्यात टाक.
बोळा करून ठेवल्यास तर रात्री आपोआप पेटतात,
गॅरेजं गेलीत अशी."

अयोनाबाईंना कागदावर लिहून दिलं:
दोन दिवस नुसत्या मोज्यांवर चाला.
खुर्च्यांच्या पायांना नमदा लावा.
पोछा पिळून, पिळून, पुन्हा पिळून.
व्हिनेगर नको, शेजारीण काहीही सांगो.
दाराशी जाड पायपुसणं हवं,
कारण समुद्रावरची वाळू बुटातून येते
आणि माझ्यापेक्षा जास्त घासते.
खाली बिल. खिडकीजवळचं काम: शून्य.

सामान गाडीत भरून परत आलो
तर तामाती खिडकीपाशी मोज्यांवर उभा,
एक हात मशीनच्या दांड्यावर.
बाहेर पाऊस, बंदरात एक गंजकी बोट,
बघण्यासारखं काही नाही.
मशीन बंद होतं.
म्हणून मी काही बोललो नाही.