अडीच लिटर पांढरा

बाजारातला पहिला बाण मी काढला
रात्री साडेबारा ते अडीच,
दोन पिंपं रस्त्यात आडवी टाकून,
एका होमगार्डच्या साक्षीनं,
जो शेवटपर्यंत जांभया देत होता
आणि एकदाच म्हणाला, "शेपटी वायच वाकडी झाली."

झाली होती.
तिथलं डांबरच गटाराकडे कललेलं,
आणि मी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या,
उभी अक्षरं, माणसाच्या डोळ्यांसमोरची.
चाकांनी वाचायचं असं
कधी काही लिहिलं नव्हतं.

सकाळपासून कायदा लागू.
बाजारातून बंदराकडे फक्त उतरायचं,
मागच्या आळीतून फक्त चढायचं.
पुण्याच्या गाड्या मुकाट वळल्या,
त्यांच्या फोनमधली बाई तेवढी
जुनंच सांगत राहिली.
आमच्या मालवणच्या लोकांनी बाणाकडे पाहिलं
परगावच्या जावयाकडे पाहावं तसं:
मान देऊन, न ऐकता.

बर्फाचा टेम्पो आता अख्ख्या गावाला वळसा घालून येतो,
मागे ओली रेघ सोडत.
शेवंती खोबरेकर पाटी खाली ठेवून विचारते,
"मी पैशे बर्फाचे दिलंय की पाण्याचे?"
हवालदार शिट्टी तोंडातून काढत नाही.
शिट्टी तोंडात असली की उत्तर द्यावं लागत नाही.

पाववाला इनास सायकलवरून उतरला
आणि हँडल धरून उलटा चालत निघाला,
भोंगा वाजवत.
त्याला अडवलं.
"मी चलवतंय खय? मी चलतंय.
चलणाऱ्याक बाण नसता."
हवालदारानं दोन पाव घेतले.

आता माझं सांगतो.
रंग मी आजगावकरांकडून उधारीवर आणला.
नगरपरिषदेत बिल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं
आणि तिथंच बसलं; तिकडेही बहुतेक एकेरी असावं.
एरवी मी मागच्या आळीतून बंदरावर उतरलो असतो,
उधारी असली की माणसाला आळ्या बऱ्या पाठ होतात.
पण ती आता नुसती चढणारी.
मीच काढलेला बाण
मला रोज आजगावकरांच्या पायरीवरून नेतो,
लुना चौथ्या गतीला असल्यासारखी पळवली
तरी दिसायचं ते दिसतंच.
ते काही बोलत नाहीत. चष्मा पुसतात.
नवव्या दिवशी त्यांनी हात वर केला.
मीही केला.
बघणाऱ्याला वाटलं, काय जिव्हाळा.

त्रेचाळिसाव्या दिवशी सभा झाली.
दिशा उलटी करायची ठरली,
प्रायोगिक तत्त्वावर.
बाजारातून चढायचं, आळीतून उतरायचं.
मी पायरीशी लुना लावली.
"काळो अर्धो लिटर. पांढरो अडीच."
आजगावकरांनी मोजून दिला, वहीत लिहिला,
वही मिटताना म्हणाले,
"ह्यो तरी बिलाच्या दिशेन काढ."

तोच होमगार्ड, तीच पिंपं.
जुन्या बाणावर काळं मारलं,
शेपटीच्या जागी टोक आणलं.

काळा रंग स्वस्तातला. महिन्याभरात टायरांनी खाल्ला.
आता दोन्ही बाण दिसतात, एकात एक,
दोन तोंडांच्या माशासारखे.
काल दुपारी त्यावर समोरासमोर उभे होते
बर्फाचा टेम्पो आणि एक कोल्हापूरची गाडी.
दोघंही बरोबर.
टेम्पोखाली पाण्याचं तळं वाढत होतं
आणि गाडीतलं पोर खिडकीतून वाकून
त्यात स्वतःला शोधत होतं.

इनास मधल्या फटीतून सायकल घेऊन आला,
ड्रायव्हरला चार पाव दिले,
सुट्टे नव्हते, उद्या दे म्हणाला, निघून गेला.

मी पायरीवर बसलो होतो.
आजगावकरांनी चहा मागवलेला.
तिथून, बसून पाहिलं तेव्हा दिसलं:
नवं टोक त्या वाकड्या शेपटीवरच आलंय,
ना नीट वर, ना बंदराकडे,
किंचित
गटार ओलांडून आमच्याकडे.
"रे," आजगावकर म्हणाले, "पुसू नको."