मूळचे कुठले

सातबारा नाही आमचा. एक भट्टी आहे,
लोको शेडच्या भिंतीमागे, तोंड पूर्वेला.
तिच्या कमानीत पणजोबानं खिळ्यानं कोरलेला क्रूस
काजळीनं असा भरलाय
की हात फिरवला तरच लागतो.

कायतान फुर्ताद, बेताळभाटीचा पोदेर.
गार्ड-ड्रायव्हर लोकांना पाव लागतो
एवढंच ऐकून भुसावळला उतरला.
मे महिना. फलाटाचा पत्रा कडकडत होता.
नाव सांगितलं तर धुळ्याकडचा हमाल म्हणाला,
"तान लागनी का?" आणि तांब्या पुढे केला.
तेव्हापासून तो गावाचा तान्याबाबा,
भट्टीसमोर उभा राहणारा,
नावातच तहान असलेला माणूस.

पीठ फुगेना.
तिकडे माडाची सूर होती, इथे माडच नाही.
तीन दिवस विटा निघाल्या.
डॉइली ड्रायव्हर म्हणाला, दे, इंजिनात टाकतो,
तेवढाच कोळसा वाचेल.
मग यावलच्या बाजूनं शिंदी घेऊन येणारा
रेमल्या पावरा भेटला.
एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती.
कायताननं मडक्यात नाक घातलं
आणि, आजी सांगायची, रडला.
त्या रात्री परात काठापर्यंत आली.

दारूबंदीत फौजदारानं ते मडकं अंगणात फोडलं.
पंचनाम्यात लिहिलंय: आंबट द्रव, अंदाजे सहा शेर.
पंच म्हणून सही, पाव घ्यायला आलेल्या सोनवणे मास्तरांची.
पण आदल्या दिवसाचं मूठभर पीठ
पणजीनं ओल्या फडक्यात गुंडाळून
पाळण्यात, बाळाच्या उशाशी सरकवलं होतं.
त्या पिठाला ती मूळ म्हणायची.
रोज थोडं काढायचं, रोज थोडं घालायचं.
ते बाळ म्हणजे माझे आजोबा, आगुस्तीन.
जन्मभर त्यांच्या अंगाला आंबूस वास होता.

वाफेची इंजिनं गेली.
डॉइलींचं घर पर्थला गेलं, सगळी उधारी चुकवून,
वर शिट्टीची दोरी आठवण म्हणून देऊन.
(खाकी पिशव्या अजून तिच्यालाच टांगतो आम्ही.)
रोज दोनशे पाव उरायला लागले.
आजोबा दारात बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत.

अशा एका दिवाळीत द्वारकाबाई भंगाळे आल्या,
डोक्यावर डबा. रवा, मैदा, पिठीसाखर, घरचं तूप.
"नानकटाई भाजून दे रे.
तुझी भट्टी तशीबी रिकामीच हाय."
दुसऱ्या दिवशी सात डबे. तिसऱ्या दिवशी रांग.
डब्यांवर खडूनं नंबर, आणि तुपावरून भांडणं:
माझं गाईचं होतं, याला डालड्याचा वास येतोय!
"सायबिणीची आण, वैनी!"
मराठी ते तिथंच शिकले, तुपाच्या भांडणात.
रागावले की कोकणी, हिशेब मात्र शेवटपर्यंत पोर्तुगीज आकड्यांत,
तेही ओठांतल्या ओठांत.

आता गल्ल्यावर मी बसते.
भाऊ पऱ्हाट्या पेटवतो, मग बाभळीचा ओंडका सारतो.
पाव कमी, टोस्ट जास्त.
नानकटाई आता दुकानात पुड्यातसुद्धा मिळते,
तरी यंदा त्रेसष्ट डबे आले,
त्यातले दोन भंगाळ्यांच्या नातसुनांचे,
एकमेकींशी न बोलणाऱ्या.

काल कुणी बदली होऊन आलेले साहेब
खारी घेता घेता पाटीकडे बघून म्हणाले,
"फुर्ताद. म्हणजे तुम्ही मूळचे इथले नाही?"
मी सुट्टे मोजत होते.
आत परातीवरचं ओलं फडकं
मधोमध जरा उचललेलं दिसत होतं.
"थांबा पाच मिनिटं," म्हटलं, "गरम निघतायत."

थांबले.
ऊन मरणाचं होतं.
दारातला तांब्या त्यांनी न विचारताच उचलला.