मडगावच्या आसपास उभं राहायच्या जागा

वहीत पहिलं पान माजोर्ड्याचं.
फाटकाच्या डावीकडे, पावाच्या भट्टीमागची पायवाट,
जिथे वास्कोचा रूळ कोकणच्या रुळापासून
वाटणी झालेल्या भावासारखा बाजूला होतो.
उजेड : साडेसात ते आठ.
कुत्री : तीन, त्यातलं एक मनापासून भुंकतं.
शेरा : जागा बाद. विजेचे खांब उगवलेत,
आणि इंजिनाच्या नाकावर नेमका एक येतो,
लग्नाच्या फोटोत मधेच उभ्या राहिलेल्या काकासारखा.

करमळीला तळं आहे. तिथे गाडीपेक्षा
पाणकोंबड्याच जास्त निघाल्या.

कुठ्ठाळीच्या धक्क्यावरून पूल अख्खा दिसतो,
गाडी मात्र मुंग्यांची रांग.
होडीतून टोपल्या उतरवणारा एक जण दर वेळी विचारतो,
"बाय, कसलो सर्वे हो?"
मी म्हणते, सर्वे नाही, नुसते फोटो.
तो मान हलवतो. सर्वेवालेही असंच म्हणाले होते
त्याच्या बहिणीच्या कुंपणापाशी,
दुसरा रूळ टाकण्याआधी.

दिवसभर मी मडगावात चष्मे विकते.
काच बदलत विचारते : हे स्पष्ट, की हे?
लोक घाबरतात, चुकीचं उत्तर देऊ म्हणून.
पहाटे स्कूटरवर निघाले की
हाच प्रश्न मला बांध विचारतात, वळणं विचारतात,
आणि मीही घाबरते.

चांदरला पोचायला मला दीड वर्ष लागलं.
भातशेतं, दगडी बांध, रुळाचं सावकाश वळण.
सकाळी कुळ्याहून येणारी मालगाडी
सूर्य पाठीवर घेऊन येते, तोंड काळंच राहतं.
म्हणून परत जाणारी धरायची, रिकाम्या वाघिणींची,
घाट चढायला निघालेली.
सगळं जमलेलं. फक्त सात पन्नासला
खांद्यावर लांब पाना, काखेत दोन झेंड्या,
एक माणूस चौकटीत शिरायचा
आणि रूळ ठोकत, वाकत, थांबत
इतका हळू चालायचा, की वाटायचं
हा मुद्दाम करतोय.
मी आधी त्याच्या जाण्याची वाट पाहायची,
मग गाडीची.
जिथे तो गेलाच नाही, तिथे घरी येऊन कापला.

एकदा गाडी लवकर आली.
तो खाली उतरून बांधाशी उभा राहिला, माझ्यापासून दहा हात,
आणि अख्खी गाडी जाईपर्यंत त्याने
एकदाही इंजिनाकडे पाहिलं नाही.
चाकं. नुसती चाकं.
शेवटच्या डब्याला हिरवी झेंडी दाखवून म्हणाला,
"तूं तोंड पळयता. हांव पांय पळयतां."
नाव सोयरू वेळीप. गाव केप्याच्या पलीकडे.
रोजचे सहा किलोमीटर, सत्तावीस वर्षं.

पुढच्या खेपेला मी त्याला एक फोटो नेला,
माझा सगळ्यात चांगला, न कापलेला.
इंजिन तांबडं, धूळ सोन्याची, बगळा जागच्या जागी,
आणि कोपऱ्यात तो, पाठमोरा, करंगळीएवढा.
त्याने फोटो लांब धरला, मग आणखी लांब.
(चाळिशी कधीच लागलीय. नंबर दीड, फार तर पावणेदोन.)
स्वतःला पाहिलंच नाही त्याने.
खडीत बोट टेकवलं, दोन स्लीपरांच्या मधे.
"हांगा. ह्या दिसा हांगाची चावी सैल आशिल्ली."

मग त्याने मला एक जागा सांगितली.
मोरी ओलांडून पुढे, काजूच्या झाडांनंतर,
चारनंतर उजेड कुशावतीच्या बाजूने येतो, म्हणाला,
आणि सांगताना हाताने उजेड दाखवला,
जणू वाढून ठेवलाय.

मी गेले. खांब तिथेही आहे,
अगदी नको तिथे.
सावली बरी पडते त्याची बसायला, सोयरू म्हणाला.
सावली चार बोटं रुंद.
गाडी दोन तास उशिरा होती.
मी त्याच्यासाठी नेलेला चष्मा त्याने लावला,
काढला, पुसला, परत लावला,
आणि दूरवर रुळाकडे बघत राहिला.
हा जवळचा आहे, मी म्हटलं, लांबचं नाही दिसायचं यातून.
"दिसता," तो म्हणाला.