वेळेआधी

झिरो माईलपाशी सकाळी सहाला
एकोणतीस म्हाताऱ्या गाड्या खोकत उभ्या.
तिथले चार घोडे जन्मभर धावतायत,
जागचे हललेले नाहीत.

आमची फियाट अठ्ठावन्नची,
ताकात हळद पडावी तसा रंग,
ड्रमचे ब्रेक, आणि माझ्या बाजूचं दार
वर उचलून ओढल्याशिवाय लागत नाही.
हे दार नवं आहे.
जुनं घाटात राहिलं.

घनश्याम पौनीकर चालवतात. मी आकडे वाचते.
महालातल्या शाळेत सातवीला मी पंचवीस वर्षं
काळ-काम-वेग शिकवला.
वेग मांडीला चटका देतो, दातांत वाजतो,
हे फळ्यावर कधी लिहिलं नाही.

या सीटवर आधी मधू बसायचा.
डॅशबोर्डखाली त्याचं पेन्सिलीतलं अक्षर अजून आहे:
पूल अरुंद. घनश्याम, हळू.

लोकांना वाटतं, पहिला आला तो जिंकला.
नाही बापा.
ताशी अडतीसची सरासरी दिली की अडतीसच.
उशीर झाला तर सेकंदाला एक गुण दंड,
लवकर पोचलात तर दोन.
वेळेआधी पोचणं हा मोठा गुन्हा.
मधूला हा नियम पाठ होता.

छिंदवाड्याहून परतताना, घाटाच्या अलीकडे
पंपात पेट्रोलची वाफ झाली.
गाडी उचक्या देत थांबली.
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी
माझ्या रुमालाची ओली घडी
पौनीकरांनी पंपावर ठेवली.
चार मिनिटं सतरा सेकंद.
"भरून काढू," म्हणाले.
हेच दोन शब्द तेव्हा कोण म्हणालं होतं,
मी आजवर विचारलेलं नाही.

खरं सांगू? उतारावर मला मजा येत होती.
सागाची वाळली पानं चाकांमागे उठत होती,
एक्कावन्न वर्षांच्या बाईच्या पोटात
जत्रेतला पाळणा वरून खाली येत होता.
काटा चौसष्टवर.
हळू, असं म्हणायला हवं होतं.
मी म्हणाले, "अजून नऊ सेकंद मागे आहोत."

चौथ्या वळणावर पौनीकरांचा पाय
पार तळाला गेला.
पुन्हा दाबला. पुन्हा.
करपल्या लायनिंगचा वास आला.
ते काही बोलले नाहीत, गिअर खाली पाडला,
गाडी किंचाळली,
आणि समोरून कोळशाचा ट्रक, रस्ताभर.

मी वाचत राहिले.
दोनशे मीटर. डावं वळण. कठडा नाही.
शंभर.
माझ्याकडे आकड्यांचाच काय तो कठडा होता.

ट्रकचा आरसा आमच्या आरशाला लागला, टक्,
दोन बांगड्या एकमेकींवर पडाव्यात
एवढाच आवाज.

सपाटीला हॅण्डब्रेक ओढत ओढत
रामाकोना दिसलं: झाडाखाली घडीचं टेबल,
घड्याळ घेतलेला कॉलेजचा पोरगा.
"किती?"
"चौदा सेकंद लवकर."
नजरेच्या टप्प्यात थांबायला मनाई,
रांगायला नाही.
आम्ही रांगलो. एक कुत्रं आमच्या पुढे निघून गेलं.
"घाबरून राहिल्या का, वहिनी?"
"अकरा," मी म्हणाले. "दहा."

पोराने कार्डावर लिहिलं: दोन सेकंद उशीर.
"थोडक्यात गेलं, मॅडम,"
अगदी वाईट वाटून म्हणाला.

मी वाकून, मधूच्या अक्षराखाली,
त्याच पेन्सिलीच्या थोटकाने लिहिलं:
उशीर, दोन.
पौनीकरांनी वाचलं.
त्यांची मूठ हॅण्डब्रेकवरून सुटेना.

नागपूर अजून सत्तरेक किलोमीटर.
ड्रम निवेपर्यंत
आम्ही बॉनेटवर बसून संत्री सोलली,
बिया मोजल्या नाहीत.