वारा तयार आहे

पास्टर विचारतात, बाइबा, तुझं आवडतं संगीत कुठलं?
मी पटकन काहीतरी भारदस्त सांगते,
एखादा फ्यूग, चार आवाजांचा, जर्मन.
त्यांची मान समाधानाने हलते.

खरं विचाराल तर
पहिल्या सुराच्या आधीचं.
ऑर्गनच्या पाठीमागे, फळ्यांच्या अंधाऱ्या कोनाड्यात
गातिस भात्याच्या दांडीवर पाय देतो.
ओकचं लाकूड कुरकुरतं,
कातडं हळूहळू फुगतं,
कथलाच्या कुठल्याशा नळीतून एक उसासा निसटतो
आणि मग फळीवर दोनदा टकटक:
वारा तयार आहे.

बस, एवढंच.
यापुढचं नुसतं मी वाजवते.

बाहेर बाल्टिकवरून येणारा वारा
रात्रंदिवस खिडक्या हलवतो, फुकट.
नळ्यांना तो चालत नाही.
नळ्यांना कुणाच्या तरी पायांतून आलेला लागतो.

आठवडाभर तो लाकडाच्या गिरणीत असतो.
रविवारी कोटावर पाइनचा भुसा घेऊन येतो,
जिन्यात माझ्यापुढे दोन पायऱ्या.
आणि बोलणं काय, तर
"आज गारठा आहे."
"हो ना, बोटं वळत नाहीत."
तीन हिवाळे आम्ही गारठ्यावर काढले.

मी वाजवताना तो मला दिसत नाही, मी त्याला.
एकाच वाद्याच्या दोन बाजूंना दोघं,
मध्ये सहाशे नळ्या.
पण वाऱ्यावरून माणूस कळतो.
त्याचा गुडघा दुखत होता त्या फेब्रुवारीत
दर चौथ्या मात्रेला सूर किंचित खाली बसायचा,
आणि लोक म्हणायचे, काय हळवं वाजवते पोरगी.
त्याची आई गेली, त्या रविवारी
वारा इतका सरळ होता, इतका सरळ,
की मलाच पट्ट्यांवर बोट ठेवायची भीती वाटली.

आधी मी मुद्दाम लांबलचक काही निवडायचे,
लोक टोप्या घालून निघाल्यावरही चालणारं.
तेवढीच दहा मिनिटं.
मग एकदा फळीमागून त्याची धाप ऐकू आली
आणि मोठ्या नळ्यांना हात लावणं सोडलं.
हल्ली एकच खुंटी ओढते, लाकडी नळ्यांची, मऊ,
जिला चिमणीच्या पिलाएवढा वारा पुरतो.
औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या,
अगं, अलीकडे मागे काहीच ऐकू येत नाही.
मागेच तर ऐकू जायला हवं होतं.

मार्चमध्ये ल्यूबेकच्या कुणा मंडळींनी पैसे पाठवले.
मोटर आली. खोक्यात, भुशात, सोबत हमीपत्र.
पास्टर म्हणाले, ईस्टरपासून गातिस सुटला!
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

शेवटच्या रविवारी शेवटच्या सुरावर बोटं ठेवली
आणि उचलली नाहीत.
म्हटलं, वारा संपेल, सूर आपोआप विझेल,
मग उठू.
वारा संपेना.
पलीकडे पाय चालूच.
बाकं रिकामी झाली, मेणबत्त्या विझवून झाल्या,
पास्टरांनी किल्ल्या वाजवल्या, मग घसा खाकरला,
मग बाहेर जाऊन उभे राहिले.
माझी करंगळी बधिर झाली, मी हरले.
जिन्यात तो म्हणाला, "आज तेवढा गारठा नव्हता."
मी म्हटलं, "नव्हता."

आता मोटर घुरघुरते, मांजरासारखी.
वारा एकसारखा, कुणाचाच नाही.
तरी पट्ट्यांवर माझी बोटं क्षणभर थांबतातच
त्या दोन टकटकींसाठी.

तो चौथ्या बाकावर बसतो, डाव्या कडेला.
पुस्तक उघडं धरतो. गातिस गात नाही.
ऑर्गनवरचा छोटा आरसा वेदीकडे वळवलेला असतो,
पास्टरांची खूण दिसावी म्हणून.
गेल्या रविवारी मी तो बोटभर हलवला.

पास्टरांना आमेन दोनदा म्हणावं लागलं.