अजून एक

कॉलेज रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
खैरनार बाई तीन कागद सरकवतात:
पाच लाख, दहा लाख, पंचवीस.
"तुमच्या हातून कोणाचं काय मोडू शकतं
त्यावर ठरवा," म्हणतात,
जणू मी काचसामान वाहते.

मी मोजते.
सहाला कृषीनगरच्या ट्रॅकवर तिघं: सहा गुडघे.
साडेसातला इंदिरानगर, गांगुर्डेंची पल्लवी,
बाळ पाच महिन्यांचं, पोटावरचे टाके अजून मनात.
नऊला सातपूरचे कारखानदार,
जे रक्तदाब विचारला की भाव विचारल्यासारखे बघतात.
मध्ये स्कूटर, डिकीत दोन डंबेल,
स्पीडब्रेकर आला की एकमेकांशी भांडणारे.

जिममध्ये नोकरीला होते
तेव्हा फरशी त्यांची, छत त्यांचं,
कोणी घसरलं तर घसरणंही त्यांचं.
आता लोकांच्या हॉलमध्ये
सोफा भिंतीला लावून
मी जी सहा बाय तीन जागा करते
ती कोणाची?

"हे वगळलेलं वाचा," बाई म्हणतात.
मुद्दाम केलेली इजा वगळून.
आहारविषयक सल्ला वगळून.
मी विचारते, मिसळीबरोबर चार पाव नकोत
असं मी रोज कोणाला तरी सांगते, ते?
बाई कानामागचं पेन काढतात,
विचार करतात, खरंच करतात.
"पाव धरू नका."

मग प्रश्न सातवा.
आपल्या देखरेखीखाली यापूर्वी कोणास इजा झाली आहे काय?
होय. नाही. दोन चौकोन,
उडदाच्या दाण्याएवढे.

गोसावी काका, आडगाव नाका.
ओझरला विमानांचे नट आवळण्यात चौतीस वर्षं.
मागच्या पौषात पट्टा ओढताना
नवव्याला हळूच म्हणाले, बास.
आणि मी म्हणाले, अजून एक, काका.
आत कुठंतरी कट् झालं.
मला ऐकू आलं.
त्यांनी पाणी मागितलं.
पुढे महिनाभर शर्टात डावा हात आधी घालायचे,
म्हणायचे, झोपेत अवघडला.
मी मान डोलावली.
महिन्याची फी घेतली.

"सगळे नाहीवरच टिक करतात," बाई म्हणतात,
"पण उद्या निघालं, तर क्लेम उडतो.
एवढं सांगणं माझं काम."
आणि चहा मागवतात,
म्हणजे पुढचं माझं.

फॉर्म घडी करून काकांकडे गेले.
चष्मा लावून त्यांनी पहिल्यापासून वाचला,
अटी, वजावट, छपाईचा पत्तासुद्धा.
"आमच्याकडे नट कमी आवळला तर चूक
आणि जास्त आवळला तरी चूकच," म्हणाले.
"त्याची वही असायची.
काय झालं, कधी झालं, खाली सही.
कोणाला ओरडायला नाही गं,
पुढच्या माणसाला कळावं म्हणून."
तुम्हाला माहीत होतं? मी विचारलं.
"खांदा माझाच होता ना."

मग उठले, पट्टा घेतला.
सात. आठ. नऊ थोडा वाकडा.
थांबले.
माझ्या जिभेवर ते दोन शब्द आलेच,
जुन्या सवयीचे, गुळगुळीत,
मी त्यांच्यासकट पट्टा गुंडाळला.

दहा लाखांचा घेतला.
पंचवीसचा हप्ता परवडेना, आणि पाचमध्ये
एका खांद्याचंसुद्धा ऑपरेशन, वर वकील, भागेल असं वाटेना.
तपशिलाला दोन ओळी होत्या.
मी एकच वापरली:
त्यांनी बास म्हटलं होतं.

खैरनार बाईंनी ती दोनदा वाचली.
कॅल्क्युलेटर जवळ ओढला, आकडे दाबले,
हप्ता अठराशेने वाढला.
मग मान वर न करता विचारलं,
"आणि आता खांदा?"
बरा आहे, मी म्हणाले.
आता उजवा हात आधी घालतात.